मुलाला मध्ये उभं करू नका

समुपदेशन केंद्रात येणारे बरेच फोन एकाच वळणाचे असतात. "आमचा घटस्फोट झालाय. मुलगा चौदा वर्षांचा आहे. हल्ली काही बोलतच नाही. तुमच्याकडे पाठवला तर बोलाल का त्याच्याशी?" विचारणाऱ्याची काळजी खरी असते, शंकाच नाही. पण बिघडलंय ते मुलाच्या आत आणि दुरुस्तीही तिथेच करायची, असं त्यात धरून चाललेलं असतं.

तेरा ते अठरा या वयातल्या मुलांना घटस्फोटाइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त खातं ते आईबापांच्या मध्ये उभं राहणं. निरोप पोचवायचे, बातम्या आणायच्या, बाजू घ्यायची, एकाचं दुःख दुसऱ्यापासून लपवायचं. हे चालू असेल तर आठवड्यातून एक तास समुपदेशकासमोर बसून मुलाच्या हाती फार लागत नाही, कारण उरलेला सगळा आठवडा तो पुन्हा त्याच जागी उभा असतो.

अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 'न्यू बिगिनिंग्ज' नावाचा कार्यक्रम तयार केला. नऊ ते बारा वर्षांची मुलं असलेल्या घटस्फोटित आयांसाठी ११ गटसत्रं आणि २ वैयक्तिक सत्रं. शिकवलं काय, तर मुलाला रोज थोडा निवांत वेळ देणं, मध्येच न तोडता ऐकणं, शिस्त एकसारखी ठेवणं आणि भांडण मुलाच्या कानापासून लांब ठेवणं. सहा वर्षांनी ही मुलं किशोरवयात आली तेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या मुलांपेक्षा त्यांच्यात मानसिक आजारांचं प्रमाण कमी होतं. आयांच्या गटाला जोडून मुलांसाठी वेगळा गट चालवला, त्याने मात्र फायद्यात मोठी भर पडली नाही. म्हणून पहिली एक-दोन सत्रं पालकांसाठी ठेवा, मूल नंतर येऊ दे, असं आम्ही सांगतो.

घाबरून जायचंही कारण नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी अनेक वर्षं कुटुंबांचा पाठपुरावा करून मांडलेला हिशेब असा: घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण २० ते २५ टक्के मुलांना पुढे गंभीर अडचणी येतात, एकत्र राहिलेल्या घरांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असतं. धोका दुपटीने वाढतो हे खरंच आहे. चारातली तीन मुलं सावरतात हेही तितकंच खरं आहे, आणि ती का सावरतात ते बरंचसं आपल्या हातात असतं.

लहान मुलाला वाटतं, हे माझ्यामुळे झालं. पंधरा वर्षांच्या मुलीला तसं वाटत नाही. तिने भिंतीपलीकडून सगळं ऐकलेलं असतं, कधी आईच्या फोनमधले मेसेजही वाचलेले असतात. ती मनातल्या मनात न्यायनिवाडा करून बसलेली असते आणि त्यात एकाला दोषी ठरवल्याचा अपराधीपणाही तिलाच छळतो. काही मुलं हे बाहेर काढतात: दार आपटणं, उलट बोलणं, क्लासला दांडी, रात्री तीनपर्यंत मोबाइल. त्यांच्याकडे निदान लक्ष तरी जातं. दुसऱ्या प्रकारचं मूल नजरेतून निसटतं. "आमची फार समजूतदार आहे हो, कसला म्हणून त्रास नाही तिचा." ही मुलगी शाळेतून आल्यावर कुकर लावते, लाइट बिलाची तारीख लक्षात ठेवते, आई रडली की तिच्या शेजारी जाऊन बसते, धाकट्या भावाचा अभ्यास घेते. तिचे मार्कही टिकून असतात. पण शुक्रवार आला की तिचं डोकं दुखतं, मैत्रिणींकडे जाणं बंद झालेलं असतं, नृत्याचा क्लास 'कंटाळा आला' म्हणून सुटलेला असतो. घरातल्या मोठ्या माणसाची जागा तिने घेतलेली असते आणि सगळे तिचं कौतुक करत असतात. नातेवाईक यात भर घालतात. "आता तूच आईला सांभाळायचं", "तूच आता घरातला कर्ता" ही वाक्यं मामा, काका, आजी मायेनेच बोलतात. त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की हे बोलू नका. आणि "हिच्या लग्नाचं आता कसं व्हायचं" हे तर मुलीच्या कानावर पडताच कामा नये.

आता रविवार संध्याकाळ. मुलगा वडिलांकडून दोन दिवसांनी परत येतो. पाठीवरची सॅक अजून खाली उतरलेली नसते आणि प्रश्न सुरू होतात. कोण कोण होतं? जेवायला काय केलं होतं? 'ती' आली होती का? नवीन गाडी घेतली म्हणे? आईला वाटतं आपण चौकशी करतोय. मुलाला कळतं की प्रत्येक उत्तराला किंमत आहे. मजा आली म्हटलं तर आईचा चेहरा पडणार, कंटाळा आला म्हटलं तर ते उद्या वकिलापर्यंत जाणार. मग त्याला एक सुरक्षित उत्तर सापडतं: "काही नाही." दोन-तीन महिन्यांत हे 'काही नाही' शाळेबद्दल, मित्रांबद्दल, तब्येतीबद्दलही सुरू होतं. मुलगा बोलत नाही म्हणून फोन येतो तो यानंतर.

त्या वेळी करायचं ते अगदी साधं आहे. "आलास? पाणी तापलंय, अंघोळ करून घे, नऊला जेवू." एवढंच. अर्धा-पाऊण तास त्याला एकटं सोडा. एका घराच्या रीतीतून दुसऱ्या घराच्या रीतीत यायला मुलांना वेळ लागतो आणि तो मिळाला नाही की चिडचिड होते. ही चिडचिड म्हणजे तिकडे त्याला भडकवलंय याचा पुरावा धरू नका. त्याने स्वतःहून सांगितलं तर ऐका, "अरे वा" म्हणा आणि पुढचा प्रश्न विचारू नका.

निरोपांचंही तसंच. "पप्पांना सांग, क्लासची फी राहिलीय." आईला हे एक वाक्य वाटतं. मुलाला आधी वडिलांचा मूड बघावा लागतो, दोन दिवस वाट पाहून तो कसाबसा विषय काढतो. तिकडून उत्तर येतं, "तिला सांग, कोर्टात ठरलंय तेवढंच देणार." हे जसंच्या तसं पोचवलं तर घरी काय होईल ते त्याला माहीत असतं, म्हणून वाटेत तो त्यातले काटे काढतो: "पप्पा म्हणाले बघतो." आई पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारते आणि खोटं बोलल्याचं ओझंही आता त्याच्याच डोक्यावर. फीच्या आठ-दहा हजारांपायी मूल दोन्हीकडून असं पिळून निघतं.

त्यावर उपाय म्हणजे आईवडिलांमध्ये फक्त मुलाच्या कामांसाठी एक वेगळा ईमेल किंवा व्हॉट्सॲप धागा. त्यात जुनं काहीही उकरायचं नाही. मेसेजचा साचा ठरलेला हवा: काम, रक्कम, तारीख, समोरच्याने काय करायचं. उदाहरणार्थ, "दहावी क्लास, दुसरा हप्ता १२,००० रुपये, १५ तारखेपर्यंत. तुमचा अर्धा वाटा ६,०००. पावती पाठवते." उत्तर ४८ तासांत. समोरून टोमणा आला तर त्यातल्या कामाच्या भागालाच उत्तर द्यायचं. दोघांचं बोलणं पार तुटलं असेल तर दोघांनाही मान्य असलेला एखादा नातेवाईक हे काम करू शकतो. अठरा वर्षांखालचं मूल मात्र नको, ते कितीही समजूतदार असलं तरी.

"अगदी बापावर गेलायस" हे वाक्यही घरातून हद्दपार करा. किशोरवयीन मुलगा आरशात बघून आपण कोण ते ठरवत असतो. ज्या माणसाला आई शिव्या घालते त्याचंच नाक, त्याचीच उंची, त्याचाच राग आपल्यात आहे हे त्याला दिसतं. वडिलांनी आईबद्दल बोललेलं मुलीलाही असंच लागतं.

घटस्फोट अजून व्हायचा असेल आणि मुलांना सांगायचं असेल तर शक्यतो दोघांनी मिळून सांगा. एक पालक घर सोडणार असेल तर त्याच्या दोन-तीन आठवडे आधी, सुट्टीच्या दिवशी सकाळी. परीक्षेच्या तोंडावर नको, दिवाळी किंवा गणपतीच्या दिवसांत नको, आणि रात्री तर नकोच, कारण मूल रात्रभर एकटंच विचार करत बसतं. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. काय बदलणार आणि काय बदलणार नाही हे आधी सांगा: शाळा तीच का, कुणी कुठे राहायचं, आठवड्यातून किती वेळा भेट, फी कोण भरणार, कुत्रं कुणाकडे. मोठ्या मुलांना तपशील हवा असतो. "आमचं तुझ्यावरचं प्रेम कमी होणार नाही" हे म्हणायला हवंच, पण फक्त तेवढंच म्हटलं तर ती चिडतात. "का?" हा प्रश्न येणारच, आणि "कुणी दुसरं आहे का?" हाही येऊ शकतो. खोटं बोलू नका, कारण ते नंतर कळतंच. कारणांचे तपशीलही देऊ नका. "आमच्या दोघांतल्या काही गोष्टी आमच्यापुरत्याच राहतील. तुझ्याशी संबंधित जे असेल ते आम्ही लपवणार नाही" हे उत्तर मुलांना आवडत नाही, पण पचतं. त्या दिवशी मूल काहीच बोललं नाही किंवा उठून मित्राकडे गेलं तरी जाऊ द्या. तीन-चार दिवसांनी गाडीत, भाजी निवडताना, नजरेला नजर न देता बोलता येईल अशा वेळी विषय पुन्हा निघू द्या.

समुपदेशक निवडताना शिक्षण विचारायला संकोच करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो तपासता येतो. समुपदेशकासाठी मानसशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण आणि किशोरवयीन मुलांसोबत कामाचा अनुभव बघा. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयोगटासाठी मैत्री क्लिनिकही चालतात.

सर्वसाधारण आखणी अशी असते: पालकांसोबत एक-दोन सत्रं, मग मुलासोबत आठवड्याला एक, ४५ ते ५० मिनिटांचं, आठ ते बारा आठवडे, आणि दर तीन-चार सत्रांनी पालकांशी थोडं बोलणं. पहिल्या सत्रात मुलाला गोपनीयतेचे नियम स्वच्छ सांगितले पाहिजेत. तू बोलशील ते आईवडिलांना कळणार नाही. अपवाद तीन: तुझ्या जिवाला धोका, दुसऱ्या कुणाला धोका, किंवा तुझ्यावर अत्याचार होत असेल तर. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, हेही त्याला आधीच माहीत हवं. उपचारांना पालकाची संमती लागते, पण संमती दिली म्हणजे सत्रात काय झालं ते विचारायचा हक्क मिळाला असं नाही. जिन्यातच "काय विचारलं मॅडमनी?" असं सुरू झालं की पुढच्या सत्रात मूल गप्प.

काम कुठे फसतं? सगळ्यांत जास्त तिथे, जिथे एका पालकाला समुपदेशकाकडून कोर्टात दाखवायला कागद हवा असतो. "तिकडे गेला की त्याला त्रास होतो असं लिहून द्या." समुपदेशक यात सापडला की मुलासाठी ती खोलीही भांडणाचीच एक जागा होते. मुलाच्या ताब्याबद्दल मूल्यमापन हवं असेल तर ते वेगळ्या तज्ज्ञाने करायचं असतं. उपचार करणाऱ्याने ते करू नये आणि हे पहिल्याच भेटीत लेखी ठरलेलं बरं. दुसरं असं की मुलाला फसवून आणलेलं असतं. "डोळे तपासायला जाऊ" म्हणून आणलेलं मूल खुर्चीत बसतं, पण तोंड उघडत नाही. त्यापेक्षा "तीन वेळा जाऊन बघ, नाही पटलं तर दुसरं कुणी बघू" हे प्रामाणिक आणि मुलाला झेपणारं आहे.

सत्रांत वय बघून बरंच काही होतं, पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक मुलाला उपयोगी पडते: मधून बाहेर पडायची वाक्यं तयार करणं आणि ती मोठ्याने म्हणून बघणं. "आई, हे तू बाबांनाच विचार." "बाबा, आईबद्दल बोलायचं असेल तर मी आत जातो." "मला दोघंही हवे आहात, म्हणून मी उत्तर देणार नाही." वाचताना सोपी वाटतात. आई रडत असताना म्हणायची तर घसा कोरडा पडतो, म्हणून समुपदेशक आईची भूमिका घेऊन पाच-सहा वेळा सराव करून घेतात. आणि ही वाक्यं मुलगा घरी वापरणार आहे, त्याला उद्धट म्हणू नका, हे पालकांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

कोर्टात ताब्याचा प्रश्न असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७(३) नुसार समजत्या वयाच्या मुलाचं म्हणणं न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. बहुतेक वेळा हे बोलणं चेंबरमध्ये, आईवडील नसताना होतं. कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशकही मुलाशी बोलतात. मुलाला घरातून एवढंच सांगून पाठवा: "तुला निवड करायची नाहीये. तुला काय वाटतं ते सांगायचंय, नसेल सांगायचं तर तसंही सांगता येतं. निर्णय न्यायाधीशांचा." पढवून पाठवलेलं मूल अनुभवी माणसाला दोन मिनिटांत ओळखू येतं, कारण ते वकिलाच्या भाषेत बोलू लागतं. त्याहून वाईट म्हणजे, उद्या निकाल एकाच्या विरोधात गेला की तो आपणच दिला असं त्या मुलाला वर्षानुवर्षं वाटत राहतं.

भेटींचं वेळापत्रक सात वर्षांच्या मुलासाठी ठरलेलं असेल तर पंधराव्या वर्षी ते मोडतंच. शनिवारी क्लास, रविवारी मॅच, मित्राचा वाढदिवस. 'माझा वीकेंड' म्हणून हट्ट धरलात तर मुलगा यायचाच बंद होईल. क्लासच्या जवळ भेटून बुधवारी एकत्र जेवण, मॅचला जाऊन उभं राहणं, मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, गणपती एकीकडे तर दिवाळी दुसरीकडे, असं परस्पर संमतीने बदलून घ्या आणि लेखी ठेवा. मूल जायला नकार देत असेल तर 'तिकडून कान भरलेत' हा निष्कर्ष पहिला काढू नका. कारणं पुष्कळदा रोजच्या गोष्टींत सापडतात: तिथे झोपायला स्वतःची जागा नाही, हॉलमध्ये गादी टाकतात, कपडे बॅगेतच राहतात, नव्या जोडीदाराची ओळख एकदम करून दिली. एक कप्पा, एक गादी, टूथब्रश आणि चार्जर त्या घरात कायमचे असले की बरंच सुटतं. पण नकारामागे मारहाण, दारू किंवा छळ असेल तर समजूत घालायची नाही. तिथे मुलाची सुरक्षितता आधी, आणि लगेच वकिलाशी बोलायचं.

कागदपत्रांचा विषय कुणी मानसिक आधारात मोजत नाही, आम्ही मोजतो. अकरावी-बारावीत जात पडताळणीसाठी वडिलांकडच्या नात्यातले पुरावे लागतात: वडील, आजोबा, काका, आत्या यांचे शाळेचे दाखले. ते आणायला मुलीला एकटीला त्या घरी पाठवलं जातं, जिथे तिच्याशी चार वर्षं कुणी बोललेलं नसतं. हे काम मोठ्यांचं आहे. परस्पर संमतीने घटस्फोट घेताना अटींमध्येच लिहून घ्या की मुलांच्या शिक्षणासाठी लागणारी सगळी कागदपत्रं वडील पंधरा दिवसांत देतील. पासपोर्टचं तुलनेने सोपं झालंय. डिसेंबर २०१६ मध्ये नियम बदलल्यापासून अर्जात एकाच पालकाचं नाव दिलं तरी चालतं.

शाळेत एका शिक्षकाला माहिती द्या, सगळ्या स्टाफरूमला नको. कुणाला सांगायचं ते मुलालाच विचारा. दोन्ही पालकांचे नंबर शाळेकडे असू द्या, म्हणजे पालकसभेचा निरोप मुलाला फिरवावा लागणार नाही.

कधी थांबून चालणार नाही? झोप, भूक किंवा अभ्यास दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेला, मित्र पूर्ण तुटलेले, हातावरच्या जखमा लपवायला उन्हाळ्यातही लांब बाह्या, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलणं. अशा वेळी सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का तुला?" विचारल्याने ते डोक्यात येत नाही, उलट मुलाला हायसं वाटतं. होय म्हटलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका. घरातली औषधं, शेतात फवारणीची कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मूल स्वतः अडचणीत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. हे दोन्ही नंबर काही व्हायच्या आधीच मुलाच्या फोनमध्ये टाकून द्या.

शेवटी एक प्रश्न नेहमी येतो: समोरचा माणूस यातलं काहीच पाळत नसेल तर? तो मुलाला निरोप देतो, माझ्याविषयी वाटेल ते बोलतो, मी एकटीने काय करू? तुमच्या बाजूचं सगळं करा. तुमच्या घरात तरी मुलाला कुणी साक्षीला ओढत नाही, ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे. तो निरोप घेऊन आला तर त्याच्या हातून उत्तर पाठवू नका. "बरं झालं सांगितलंस, आता हे माझं काम, मी बाबांना मेसेज करते" म्हणा, आणि तो मेसेज त्याच्यासमोर टाइप करू नका. तुमच्याविषयी ऐकलेलं खोटं त्याने बोलून दाखवलं तर "ते तसं नव्हतं. ऐकून तुला त्रास झाला असेल" इथे थांबा, वडिलांचा पाढा वाचू नका. स्वतःचा राग काढायला मैत्रीण, बहीण किंवा स्वतःचा वेगळा समुपदेशक ठेवा आणि फोनवर बोलताना मुलाच्या खोलीचं दार नाही, तुमच्या खोलीचं दार बंद आहे ना ते बघा.